सेकिरोसारखी लढाई टेबलावर कशी आणायची?

फोंड्याचा_डीएम

मंडळी, नियमांत मुरलेल्या लोकांचा सल्ला हवा आहे.

आमचा गट फोंड्यात रविवारी दुपारी जमतो. पाच खेळाडू, मी डीएम (गोष्ट सांगणारा आणि राक्षस चालवणारा), डीएनडीची, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवरच्या भूमिका-खेळाची, पाचवी आवृत्ती, तीसुद्धा २०१४ ची जुनीच पुस्तकं. पावसाळ्यात आमच्या वाड्यावरची वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे प्लेस्टेशनवरची खुमखुमी शेवटी फाशांवरच उतरते. सध्या सगळ्यांच्या डोक्यात सेकिरो शिरलाय, तलवारबाजीचा व्हिडिओ गेम. गेम २०१९ चा, पण एकाने सेलमध्ये घेतला आणि साथ पसरली. आता त्यांना माझ्या लढाया मिळमिळीत वाटतात. एकाने तर तोंडावर सांगितलं, "तुझा राक्षस उभा राहून मारतो आणि उभा राहून मार खातो. मधल्या वेळात आम्ही चिवडा खातो."

मोहीम अशी आहे. नदीकाठी चिऱ्यांचा एक पडका किल्ला. नकाशा खोर्जुव्याच्या किल्ल्यावरूनच उचललाय, फक्त आत दोन तळघरं घातलीत. तिथे चिलखतातला एक भालदार, तीनशे वर्षं पहाऱ्यावर, मेलाय हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. त्याच्याशी होणारी लढाई मला सेकिरोच्या चालीची हवी आहे. वार अंगावर येतो, ऐन वेळी तलवार आडवी जाते, खण्ण आवाज होतो, त्याचा तोल जरासा ढळतो, आणि असं होत होत तो गुडघ्यावर येतो.

गटातून आलेल्या सूचना या. एक, स्टॅमिना. प्रत्येकाला दहा पॉइंट, वाराला तीन, उडीला दोन, फेरीअखेर चार परत. कागदावर झकास. टेबलावर मात्र दर पाळीला "थांब, माझे पाच होते की सहा?" सुरू होतं, आणि जादूगार खेळणारा मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढून बसतो. दुसरी, पॅरीचा, म्हणजे वार अडवण्याचा, वेगळा फासा. भालदाराचा वार लागला की खेळाडूने उलटा फासा टाकायचा, जास्त पडला तर वार फुकट. यात फासे दुप्पट झाले, बाकी काय? खेळाडूने केलं काहीच नाही, नशीब दोनदा हलवून बघितलं. पुस्तकातल्या बॅटल मास्टर या योद्ध्याची पॅरीसुद्धा नुसतं नुकसान कमी करते, त्यात खण्ण नाही.

तिसरी सूचना टायमरची. मी "वार!" म्हटल्यापासून तीन सेकंदांत "पॅरी" म्हणायचं. आमचा फायटर खेळणारा गडी स्वभावाने सावकाश, चहा हवा का याचंही उत्तर तो विचार करून देतो. त्याच्या पात्राने त्याच्या जिभेची शिक्षा का भोगावी? शिवाय जो जास्त जोरात ओरडतो तो जिंकतो, असला खेळ मला माझ्या घरात नको. शेजारी आजी झोपलेल्या असतात.

तर जिथे बोटांचं कसब नाही, तिथे पॅरीची मजा आणायची कुठून?

जुना_खेळिया

कशाला आणायची? व्हिडिओ गेमची मजा व्हिडिओ गेममध्ये. टेबलावरची लढाई बोलून खेळायची असते. २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा हाच घोळ झाला. कोण कुणाला अडवून धरणार, कोण बरं करणार, सगळं ठरवून दिलेलं. निम्मे लोक "हे तर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, व्हिडिओ गेमच" म्हणून उठून गेले. भालदाराला चार एचपी (हिट पॉइंट, म्हणजे जीव) जास्त दे आणि वर्णन चांगलं कर, पुरे.

गणिताच्या_बाई

वरच्या बाबांना आधी उत्तर. हिट पॉइंट, लेव्हल, अनुभवाचे गुण, हे सगळं १९७४ च्या पहिल्या डीएनडीतून संगणकावर गेलं. तेव्हा कुणी "टेबलाची मजा टेबलावर" म्हणून दार लावून घेतलं नाही. आणि चौथ्या आवृत्तीतली एक गोष्ट मी आजही वापरते, पण ते नंतर.

मी डिचोलीत हायस्कुलात गणित शिकवते. माजी विद्यार्थ्यांचा एक गट चालवते, म्हणजे तेच माझ्याकडून चालवून घेतात. सेकिरो मी स्वतः खेळले आहे, त्यामुळे हवेतलं बोलत नाही.

फोंडेकर, नीट बघ. सेकिरोत पॅरीला एकच बटण, एलवन. ते दाबायला कुणालाही येतं. कसब दोन ठिकाणी लागतं: काय येतंय ते ओळखणं आणि क्षण साधणं. धोक्याच्या वाराआधी लाल अक्षर चमकतं ते आठव. वार भोसकण्याचा असेल तर मागे न हटता पुढे घुसून भाला पायाखाली दाबायचा. पायांवर आडवा येत असेल तर उडी. धरायला येत असेल तर बाजूला सरक. अक्षर तिन्हींना तेच, फरक कळतो तो समोरच्याच्या खांद्यावरून आणि पायांवरून. क्षण साधणं टेबलावर येणार नाही, त्याचा नाद सोड. तुझे टायमर, उलटे फासे सगळे त्या क्षणाच्या मागे धावतायत. ओळखणं मात्र जसंच्या तसं येतं.

पुरावा हवा तर इन्टू द ब्रीच हा व्हिडिओ गेम बघ, २०१८ चा. आठ बाय आठचा पट, आणि शत्रू पुढच्या पाळीला कुठे मारणार हे आधीच पटावर दाखवलेलं. स्ले द स्पायरमध्ये शत्रूच्या डोक्यावर चिन्ह येतं, एवढं मारणार म्हणून. दोन्हींत बोटांच्या वेगाला शून्य किंमत, दोन्हीही पाळीपाळीने चालणारे, आणि तरी खेळताना घाम फुटतो. कारण येणारं संकट दिसत असतं आणि हातात करण्यासारखं थोडंच असतं. डीएनडीत बहुतेक वेळा उलटं चालतं. डीएम म्हणतो "तो मारतो", फासा पडतो, आकडा येतो. खेळाडूला वार कळतो तोच लागून झाल्यावर.

म्हणून मी असं करते. बॉसची, म्हणजे मुख्य शत्रूची, पाळी संपताना त्याचा पुढचा मोठा वार ठरवून चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी पालथी घालून फाशांच्या डब्याखाली ठेवायची. मग फक्त शरीराचं वर्णन. "त्याचा उजवा कोपर मागे गेला, भाल्याचं टोक तुझ्या छातीच्या उंचीवर थांबलं." एवढंच. "तो भोसकणार" असं म्हणायचं नाही. मधल्या वेळात पाचही जण आपापल्या पाळ्या खेळतात. पुन्हा बॉसची पाळी आली की ज्याच्यावर वार आहे त्याने आपली रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करता येणारी, फेरीला एकच कृती) खर्चून उत्तर द्यायचं, तेही बोटांनी: एक बोट म्हणजे पुढे घुसणं, दोन म्हणजे उडी, तीन म्हणजे सरकणं. बोटं वर आणि चिठ्ठी उलटी, एकाच वेळी. तुझा सावकाश फायटर इथे कुणाला हार जाणार नाही, त्याला विचार करायला अख्खी फेरी मिळालेली असते.

चिठ्ठी हवीच. नाहीतर डीएमने ऐन वेळी मन बदललं की काय, ही शंका राहते, आणि एकदा ती आली की खेळ संपला.

बरोबर ओळखलं तर वार पूर्ण चुकला, फासाच नाही. चुकीचं ओळखलं तर बॉसला अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरायचा. रिअ‍ॅक्शन वापरलीच नाही तर नेहमीचा फासा. आता हिशेब, कारण हे फुकट वाटतंय का ते तपासायलाच हवं. समज, बॉसचा वार एरवी ६० टक्के वेळा लागतो. अ‍ॅडव्हान्टेजने तो ८४ टक्के होतो. कुणी डोळे मिटून बोट दाखवलं तर एकतृतीयांश वेळा वाचतो आणि दोनतृतीयांश वेळा ८४ च्या तोंडी जातो, म्हणजे एकूण ५६ टक्के. उत्तर न देता ६०, आंधळेपणाने दिलं तर ५६. आंधळ्या जुगारात जवळपास काहीच मिळत नाही. पण त्याचा कोपर एकदा लक्षात आला की तुझ्यासाठी तो आकडा शून्य. ५६ आणि शून्य यांच्यामधलं जे अंतर आहे ते खेळाडूने लक्ष देऊन कमावलेलं असतं. तुला हवी ती मजा तिथे आहे.

तोलासाठी मी चिंचोके वापरते. टेबलाच्या मधोमध, सगळ्यांना दिसतील असे. मर्यादा खेळाडूंच्या दुप्पट, तुझ्या पाच जणांना दहा. कुणाचाही वार बॉसला लागला की एक चिंचोका, बरोबर ओळखलं की तीन. फेरी संपली की बॉस सावरतो: ताजा असेल तर तीन चिंचोके काढायचे, निम्म्याहून जास्त एचपी गेले असतील तर एकच. हे सेकिरोतलंच आहे, तिथेही जखमी शत्रूचा तोल हळू भरतो, म्हणून आधी थोडं रक्त काढावं लागतं. दहा झाले की कोसळला, त्या टप्प्याचे उरलेले सगळे एचपी गेले.

एचपीचे दोन टप्पे ठेव, १२०-१२० चे. वार तेवढे थोडे हलके कर, नाहीतर तिसऱ्या लेव्हलची पोरं टिकायची नाहीत. पाच जण, ६० टक्के नेम, म्हणजे फेरीला सरासरी तीन वार लागतात. वाराला आठ धरले तर २४. नुसतं ठोकत बसले तर टप्पा पाचव्या फेरीत संपतो, आणि सुरुवातीला तीन चिंचोके आले तीन गेले, ढीग हलतच नाही. पण दर फेरीला एक वार ओळखला तर पहिल्या फेरीअखेर तीन उरतात, दुसऱ्या अखेर सहा, तिसऱ्या फेरीत दहा ओलांडले. ढीग वाढताना दिसतो तेव्हा चिवडा कुणी खात नाही.

राहिला स्टॅमिना. वेगळे पॉइंट कशाला? रिअ‍ॅक्शन हाच तुझा स्टॅमिना. नियम एवढाच कर की कुणालाही आपल्या पाळीत रिअ‍ॅक्शन आधीच खर्चून एक वार जादा मारता येईल, पण मग पुढच्या पाळीपर्यंत बोट दाखवता येणार नाही. हाव केली की उघडा पडलास. पाथफाइंडर या डीएनडीसारख्याच खेळाच्या २०१९ च्या आवृत्तीत हेच दुसऱ्या वाटेने केलंय: पाळीला तीन कृती, दुसऱ्या वाराला उणे पाच, तिसऱ्याला उणे दहा, आणि ढाल उचलायची तर त्यातलीच एक कृती राखून ठेवावी लागते. कॅल्क्युलेटर कुणाला लागत नाही.

पेडण्याचा_राजा

बाईंनी सगळं सांगितलं, पण चिठ्ठीपेक्षा वर्णन कठीण आहे, त्यावर माझे दोन पैसे. आमच्या गावच्या जत्रेत दशावतार लहानपणापासून बघतोय. लिहिलेली संहिता नसते, संवाद रंगमंचावर जागच्या जागी जुळवतात. लढाई सुरू झाली की राजा आणि राक्षस तलवारी घेऊन गोल फिरतात, आणि वार कधी पडणार हे मागच्या रांगेतल्या पोरालाही कळतं. कसं? पखवाज सांगतो. ठेका दाटतो, झांज चढते, आणि मग वार.

मी हेच टेबलावर करतो. माझ्या बॉसला ठेका असतो. वर्णन करताना बोटांनी टेबल वाजवायचं. भोसकण्याआधी दोन ठोके आणि थांबा. आडव्या वाराआधी सलग घासल्यासारखा आवाज. पकडीआधी काहीच नाही, हात टेबलावरून उचलायचा. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येत नाही. दोनदा मार खाल्ला की कुणीतरी मान वर करतो, "ए, परत वाजव." त्या क्षणी तो माणूस नियम विसरलेला असतो आणि फक्त ऐकत असतो.

शब्दांचा एक घोटाळा असतो. डीएमला वाटतं आपण कोपराचं नीट सांगितलं, खेळाडूच्या डोक्यात कोपर भलत्याच दिशेला. आवाजात तसं होत नाही. आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य म्हणायचं, शब्द बदलून सजवत बसायचं नाही. गेममध्येही तीच हालचाल दर वेळी हुबेहूब तशीच येते, म्हणून तर शिकता येते.

फोंड्याचा_डीएम

बाई, चिंचोक्यांचा हिशेब मी वहीत करून बघितला, जमतोय. राजाबाब, ठेका तर मी चोरणारच.

तीन शंका आहेत. पहिली, वर्णन पाचही जण ऐकणार, मग त्यांची पंचायत बसणार. "अरे दोन बोटं दाखव", "नाही रे, तो पकडणार", दहा मिनिटं गेली. दुसरी, ज्याच्यावर वार आहे तो आपल्या पाळीत चालता झाला तर? तिसरी, आमच्या जादूगाराकडे तलवार नाही, काठी आहे, तीही वाकडी.

गणिताच्या_बाई

पंचायत: ज्याच्यावर वार आहे तोच ठरवणार. बाकीच्यांना आपापल्या पाळीत एक शब्द, पात्राच्या तोंडून. "खांदा!" चालेल. "मागच्या वेळी दोन ठोके होते ना" चालणार नाही. पोरं हा नियम आनंदाने पाळतात, कारण एकाच शब्दात काय सांगायचं याचीही चुरस लागते.

चालता झाला तर काय, हे वारानुसार ठेव. भोसक सरळ रेषेत पाठलाग करते, तीस फुटांपर्यंत. आडवा वार कुणाचा पाठलाग करत नाही, पण त्या वेळी बॉसला लागून जे उभे असतील त्या सगळ्यांवर येतो, आणि प्रत्येकाने आपापलं बोट दाखवायचं. पकड फक्त जवळच्याला. म्हणजे ओळखल्यावरही उभं कुठे राहायचं हा प्रश्न उरतो. आडव्या वाराला तिघांनी उडी बरोबर मारली तर नऊ चिंचोके एकदम, पण चुकले तर तिघेही आडवे. पोरं हा धोका मुद्दाम घेतात, तू बघशीलच.

काठीचं काय घेऊन बसलास? पुढे घुसायला, उडी मारायला आणि सरकायला तलवार कशाला लागते? फक्त हे बघ की शील्डचा मंत्रही रिअ‍ॅक्शनच खातो. बोट दाखवलंस तर एसीचे (बचावाच्या आकड्याचे) पाच जादा मिळणार नाहीत. जादूगाराला निवड करावी लागू दे.

जुना_खेळिया

बरं, मान्य, वाचायला मजा आली. पण पोरांनी तीन ठोकताळे पाठ केले की लढाई सुटलेलं गणित झाली ना? मग बाकीच्या फेऱ्या कशासाठी खेळायच्या?

गणिताच्या_बाई

म्हणूनच दोन टप्पे. सेकिरोतही मोठ्या शत्रूंच्या नावाजवळ लाल ठिपके असतात, एक कोसळणं म्हणजे एक ठिपका, आणि पुढच्या ठिपक्याला तो वेगळा लढतो. भालदार पहिल्यांदा गुडघ्यावर आला की त्याचा भाला मोडू दे. आता त्याच्या हातात तुटका दांडा आणि कमरेचा सुरा. ठोके तेच ठेव, फक्त एकाचा अर्थ बदल. दोन ठोके आणि थांबा, आता भोसक नाही, पकड. पाठ केलेला माणूस ऐटीत एक बोट दाखवेल आणि अडकेल. पण इशारा आधी दे: पहिल्या टप्प्यात कधीतरी त्याने डावा हात सुऱ्याकडे नेलेला दिसायला हवा. नाहीतर ती फसवणूक झाली.

आणि सुटलेल्या गणिताचा एवढा राग नको. ते सोडवल्याचा आनंद दोन-तीन फेऱ्या घेऊ द्यावा पोरांना.

कूलडाऊनवाला

मध्येच घुसतो. कुणाला ठेका-बिका नको असेल, नुसता मोठा हल्ला दिसायला हवा असेल, तर सोपं आहे. पाचव्या आवृत्तीत ड्रॅगनची फुंकर सहा बाजूंच्या फाशावर ५-६ पडले की पुन्हा भरते, म्हणजे दर फेरीला एकतृतीयांश शक्यता. ते कुणाला दिसत नाही, एकदम अंगावर येतं. त्याऐवजी चार बाजूंचा फासा टेबलावर चारवर ठेवायचा आणि दर फेरीला एक खाली. एकवर आला की सगळे खांबांच्या मागे पळतात. ब्लेड्स इन द डार्क या २०१७ च्या खेळातली घड्याळं याच जातीची, वर्तुळाचे भाग भरत जायचे. मी एक्सकॉम या व्हिडिओ गेममधल्या ओव्हरवॉचसाठीही (शत्रू हलला की गोळी झाडायची) वेगळा नियम केलेला नाही, पुस्तकातली 'रेडी' कृती तेच काम करते.

फोंड्याचा_डीएम

फासा चारवर ठेवायचं किल्ल्याच्या तोफेला वापरतो, भालदाराला नको. या रविवारी पहिला टप्पा. बाई, एकच राहिलं. भालदाराबरोबर सहा शिपाई आहेत. त्यांनाही चिंचोके?

गणिताच्या_बाई

अजिबात नको, मेंदूला मुंग्या येतील. चौथ्या आवृत्तीतली गोष्ट म्हणाले होते ती हीच: मिनियन. एक एचपीचे शिपाई. लागला की पडला, नुकसानाचा आकडा ठरलेला, फासा टाकायचाच नाही. पण एक कर, शिपाई पाडला की पाडणाऱ्याला त्याची गेलेली रिअ‍ॅक्शन परत मिळू दे. मग हावरटाला जादा वार मारून पुन्हा सावध व्हायची एक वाट राहते, आणि तू शिपाई कुठे उभे करतोस याला अर्थ येतो. सहा जास्त होतात, चार ठेव. दोन तळघराच्या जिन्यावर, दोन भालदाराच्या पाठीमागे, म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचायला आडव्या वाराच्या टप्प्यातूनच जावं लागेल.